दोनदा लावलेला अंगठा

यादी मीच टाइप केली होती. वर ठळक अक्षरांत ‘शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा होऊनही महाविद्यालयात भरणा न केलेले विद्यार्थी’, आणि खाली एक्केचाळीस नावं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख गुरुवारी होती आणि बाकी भरल्याशिवाय फॉर्म घ्यायचा नाही, असा वरून निरोप होता. सोमवारी यादी नोटीस बोर्डावर लागली. गुरुवारी सकाळी कार्यालय उघडायला आले, तर खिडकीसमोर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आणि तिची आजी आधीच येऊन उभ्या होत्या. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं बी. फार्मसीचं खासगी कॉलेज आहे. शिष्यवृत्तीची खिडकी नऊ वर्षं माझ्याकडे आहे. इथल्या पुष्कळ मुलांचे आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता हंगाम सरतो. अशा घरातून वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास फी निघणं शक्यच नाही. मुलगी शिकते ती शिष्यवृत्तीवर.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या योजनेला आमच्याकडे सगळे ‘जीओआय’ म्हणतात, म्हणजे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली ती सुरू झाली. आणि बाबासाहेब स्वतः १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण खिडकीशी येताना मुलं मान खाली घालून येतात, जणू उसने पैसे मागायला आलीत.

आता या पैशांची वाट कशी आहे ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचा दाखला, मार्कमेमो असं सगळं जोडून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा. तो आमच्याकडून मंजूर होऊन समाजकल्याणकडे जातो. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. यातला केंद्राचा हिस्सा काही वर्षांपासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो, आणि विद्यार्थ्यानं तो सात दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. पण कुठल्या खात्यात? मुलगी ज्याचं पासबुक जपून ठेवते त्या खात्यात पडेलच असं नाही. आधारला जे खातं सगळ्यांत शेवटी जोडलं गेलं असेल, त्यात पडतो. हे मुलांना माहीत नसतं, पालकांना तर नसतंच. मला माहीत होतं, पण ते नुसतं माहीत होतं.

“मॅडम, पैसे आलेच नाहीत,” मुलगी म्हणाली.

हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते. खरंच आलेले नसतात तेव्हा ऐकते, आणि त्या पैशांतून घरावर पत्रे घातलेले असतात किंवा आजारपण निभावलेलं असतं तेव्हाही ऐकते. ज्यांनी खर्च केले त्यांचाही मला राग येत नाही. घरात दवाखाना निघाल्यावर खात्यातले पैसे फीसाठी म्हणून कोण राखून ठेवील? पण पोर्टलवर तिच्या नावासमोर पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही वर्षांची रक्कम जमा दिसत होती. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती थोडा वेळ बघत राहिली, मग दप्तरातून पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आदल्याच दिवशी छापून आणलेलं. दोन वर्षांत सातच नोंदी, आणि शेवटची शिल्लक ३१२ रुपये.

“बाई, ह्या लेकरानं एक रुपाया बी घेतला न्हाई,” आजी म्हणाली. “घेतला असता तर मला कळलं नसतं का?”

मागच्या टेबलावरून आवाज आला, “सगळे असंच म्हणतात.” मला ते लागलं, कारण पासबुक बघेपर्यंत माझ्याही मनात तेच होतं.

आधारच्या संकेतस्थळावर आपल्या आधारला कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. फक्त त्यासाठी आधारला लावलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो. तो नंबर तिच्या वडिलांचा होता, आणि वडील कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या फडात. फोन लावला, रिंग वाजत राहिली. “फोन कोपीतच ठेवतात मॅडम, फडात पडला तर सापडत नाही,” ती म्हणाली. कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. मग मुकादमाला लावला. ट्रॉली भरणं चालू आहे, माणूस पाठवतो, असं म्हणून त्यानं ठेवला.

सव्वा बारापर्यंत आम्ही तिघी नुसत्या बसून होतो. मधे मी दोन बोनाफाइड दिले, एकाचा सेंड बॅक झालेला अर्ज दुरुस्त करून दिला. आजी भिंतीला टेकून खाली बसली होती. खुर्ची दिली, पण ती काही वर बसली नाही.

मग वडिलांचा फोन आला. धापा टाकत होते. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

“जय भीम मॅडम. पोरीचं नाव कटलं का?”

“जय भीम दादा. नाव नाही कटलं. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडी नंबर येईल, तेवढा मला वाचून दाखवा.”

“मला वाचाया येत न्हाई मॅडम.”

शेजारच्या कोपीतल्या एका मुलाला त्यांनी हाक मारली. आवाजावरून नऊ-दहा वर्षांचा असेल. पहिल्या खेपेला त्यानं गॅसच्या जुन्या मेसेजमधला आकडा वाचला. तो चुकला. मी परत ओटीपी पाठवला आणि सांगितलं, “बाळा, सगळ्यांत वरचा मेसेज उघड. त्यातले आकडे एकेक करून म्हण.” तो एकेक आकडा म्हणत गेला आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबून विचारत गेला, “लिहिला?” सहावा आकडा टाकला आणि पान उघडलं. तो मुलगा डिसेंबर महिन्यात शाळेत असायला हवा होता, हे मला त्या घाईत सुचलं नाही. रात्री घरी भाकरी थापताना सुचलं.

पडद्यावर बँकेचं नाव आलं. तिचं पासबुक राष्ट्रीयीकृत बँकेचं, आणि इथं नाव होतं एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेचं. मुलगी म्हणाली, “ह्या बँकेत माझं खातंच नाही.”

“सिम कधी घेतलं होतंस? स्वतःच्या नावावर?”

तिनं आठवून सांगितलं. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला नंबर लागतो म्हणून एसटी स्टँडबाहेर छत्री लावून बसलेल्या मुलाकडून घेतलं होतं. फुकट होतं. गावात त्याला रेंज नव्हती म्हणून दोन महिन्यांत टाकून दिलं आणि दुसरं घेतलं.

“त्यानं अंगठा किती वेळा लावायला लावला होता?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “दोनदा. पहिल्यांदा नीट उमटला नाही, म्हणाला. परत लावा.”

पहिला अंगठा सिमचा आणि दुसरा खात्याचा. खातं उघडलं, आधार त्याला जोडलं गेलं, आणि जुन्या बँकेची जोडणी तिच्या नकळत मागे पडली. मेसेज यायचे ते टाकून दिलेल्या सिमवर. दोन वर्षं शिष्यवृत्ती तिच्याच नावावर येत होती, आणि ती इकडे बाकीदारांच्या यादीत.

पण खात्यात पैसे आहेत हे सरांना दाखवल्याशिवाय फॉर्म निघणार नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी तिला घेऊन बाजारातल्या बँक मित्राच्या दुकानात गेले. तिथं आधार नंबर टाकून, बँक निवडून, अंगठा लावला की आधारला जोडलेल्या खात्याची शिल्लक कळते. तिनं उजवा अंगठा काचेवर ठेवला. मशीननं घेतला नाही. पुसून परत ठेवला, तरी नाही. दुकानदार म्हणाला, “डावा द्या.” तोही नाही. तेव्हा मी तिचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. दिवाळीच्या सुट्टीत ती आईवडिलांबरोबर पंधरा दिवस फडावर गेली होती. उसाच्या पात्यांनी बोटांची पेरं बारीक बारीक चिरलेली, काही चिरा भरून येऊन तिथं कातडी पांढरी, कडक झालेली. प्रयोगशाळेत ब्युरेट धरणारे हात हेच. उजवी तर्जनी झाली, मधलं बोट झालं. दुकानदारानं तिची बोटं रुमालानं हलकेच पुसून दिली आणि म्हणाला, “ताई, दाबू नका, नुसतं टेकवा.” डाव्या हाताच्या अनामिकेला मशीन वाजलं.

चिठ्ठी बाहेर आली. शिल्लक ८१,६०० रुपये.

तिनं ती वाचली, घडी केली, परत उघडली. “मॅडम, हे माझेच आहेत ना?”

मला बोलता आलं नाही, मी नुसती मान हलवली.

सर चारला मीटिंगमधून आले. मी चिठ्ठी, पासबुक आणि आधार जोडणीच्या पानाची प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा वाचून “फॉर्म घ्या” म्हणून सही केली. शेवटची तारीख संपायला तासाभर अवकाश होता. फॉर्म भरून झाल्यावर आजीनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि पाचची गाडी धरायला दोघी निघाल्या.

पैसे हाती यायला पुढे नऊ दिवस लागले. अंगठ्यावर एका वेळी दहा हजारच निघतात, आणि दुकानात तेवढी रोकड नसते. म्हणून त्या बँकेच्या केंद्रावर जाऊन खात्याला तिचा चालू नंबर लावून घेतला, मग रक्कम तिच्या जुन्या खात्यात वळवली, आणि जुन्या बँकेत अर्ज देऊन आधार परत तिथं जोडलं. हे शेवटचं काम राहिलं असतं तर तिसऱ्या वर्षाचे पैसेही तिकडेच गेले असते.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर मी सरांना विचारून नोटीस बोर्डावरची यादी काढली. काढताना कोपरे फाटले, ते तसेच घेऊन घरी आले. शिष्यवृत्ती घेणाऱ्या घरांना गावात काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला ठाऊक आहे. त्यात आमच्या कॉलेजनं एक्केचाळीस नावं काचेच्या पेटीत लावली, आणि लावली ती माझ्या हातानं. कुणी एकानंही मला त्याबद्दल बोल लावला नाही, म्हणून ते जास्तच टोचतं.

पुढचे पंधरा दिवस मी यादीतल्या एकेकाला बोलावून आधारची जोडणी तपासली. सहा जणांनी सरळ सांगितलं की पैसे खर्च झाले, हप्त्यानं भरतो. काहींच्या रकमा पुढे कुठे अडकल्यात त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. आणि त्या मुलीखेरीज आणखी अकरा जणांचे पैसे असेच भलत्या खात्यांत होते. कुणाचे सिमबरोबर उघडलेल्या खात्यात, कुणाचे शाळेत असताना आईबरोबर काढलेल्या नि विसरून गेलेल्या खात्यात. एका मुलाचे तर गावातल्या शिबिरात उघडलेल्या खात्यात, ज्याचं पासबुक त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता प्रवेशाच्या वेळी दाखले बघायच्या आधी मी मुलाला शेजारी बसवते आणि आधारला कुठली बँक आहे ते उघडून बघते. एका मुलामागे दहा मिनिटं जातात. रांग लांबते, लोक कुरकुरतात, तरी मी बघते.

एकोणतिसाव्या क्रमांकाचा मुलगा तेवढा बोलावूनही येण्यासारखा नव्हता. दुसऱ्या वर्षातच बाकी भरता आली नाही म्हणून त्यानं कॉलेज सोडलं होतं, नाव मात्र यादीत तसंच राहिलं होतं. तो चाकणला एका कंपनीत मशीनवर आहे. फोन लागला तेव्हा त्याची जेवणाची सुट्टी चालू होती. मी सगळं सांगितलं. पलीकडे ताटांचा आवाज येत राहिला.

“आता काय उपयोग मॅडम,” तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळानं, “पैसे सापडले तर परत दुसऱ्या वर्षाला बसता येतं का?”

सरांना विचारून सांगते, म्हटलं. आधी खातं तर बघू. आधारला नंबर त्याचा स्वतःचाच आहे, पण कामावर फोन जमा करून घेतात, आणि सुट्टी फक्त रविवारी. रविवारी कार्यालय बंद असतं. मी शिपाईमामांकडून किल्ली मागून ठेवली आहे.