तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं का वाढवत नाही?

"ऑर्डरी आहेत म्हणता, मग माणसं का वाढवत नाही?" लग्नाच्या पंगतीत शेजारचे पाहुणे विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, लातूर-बीडहून डिप्लोमा करून आलेली पोरं तर फाइल हातात घेऊन गेटवरच विचारतात. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगून टाकतो.

भोसरीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना पार्ट करून द्यायचं, युनिट आहे. माणसं 18. विसावा आला की पीएफ लागू, शिवाय कारखान्याचा परवाना. "म्हणजे पीएफ चुकवता!" असं लगेच म्हणू नका. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, 10 माणसं झाली की लागू होतो, तो मी भरतोच. पीएफच्या पैशांचं काही नाही. बरं, थोडं आहे. 12 टक्के म्हणजे 12 टक्के. पण खरं ओझं त्यामागून येणाऱ्या रिटर्न आणि रजिस्टरांचं. ते सांभाळायला आधी एक माणूस लागेल, आणि तो मशिनवर उभा राहणार नाही.

तरी एकदा वाढायचं ठरवलं होतं. मागच्या मोकळ्या जागेत शेड वाढवायची, दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिन, बसवायच्या, सहा पोरं घ्यायची. कर्ज मंजूर झालं. वाढीव बांधकामाचा नकाशा ऑनलाइन टाकला. उत्तर आलं: मूळ शेडचा पूर्णत्वाचा दाखला जोडा. दाखला वडिलांच्या काळातला, दिलेला त्याच कार्यालयाने. तिथे गेलो, तर खिडकीवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "रेकॉर्ड रूम हलवली तेव्हा जुन्या फायली गोण्यांत भरल्या हो. तुमच्याकडे झेरॉक्स असेल ना?" त्यांनी दिलेला कागद त्यांच्याकडे नाही, म्हणून तो मी त्यांना आणून द्यायचा.

पोर्टलवर तोवर "त्रुटी". मुदतीत पूर्तता झाली नाही म्हणून अर्ज आपोआप "निकाली". फी भरून नवा अर्ज. सरकारच्या तक्त्यात माझं प्रकरण वेळेत निकाली निघालेलं दिसत असणार!

दरम्यान मशिन आल्या. ठेवायच्या कुठे? निळ्या ताडपत्रीखाली, कंपाउंडमध्ये. पाऊस सुरू झाला. आमचा फोरमन रोज सकाळी ताडपत्रीचं पाणी सांडायचा, आत शिरून स्लाइड पुसायचा, तेल लावायचा. एकही जॉब न काढलेल्या मशिनची अशी सेवा चालली होती, आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू. शेवटी चाकणहून खरेदीवाल्याचा फोन आला, "काका, आमची लाइन थांबत नाही. पार्ट दुसरीकडे दिलाय." एक मशिन तोट्यात विकली, दुसरी जुन्या शेडमध्ये कोंबली. ज्याला मी शब्द दिला होता तो पोरगा रांजणगावला कंत्राटावर गेला. वाटेत भेटला तर नमस्कार करतो, थांबत नाही.

ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा लोकसेवा हक्क कायदा 2015चा आहे, अपील का केलं नाही, असं जाणकार विचारतात. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांकडे. जिंकलो असतो, पण पुढच्या कामाला पुन्हा तेच टेबल. शेवटी एजंट धरला, दाखल्याची नक्कल निघाली, ऑर्डर गेल्यावर. त्याच्या फीमध्ये काय काय होतं, ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत?

पूर्वी असोसिएशनच्या बैठकीत मी तावातावाने म्हणायचो, सगळे इन्स्पेक्टर घरी पाठवा, बघा रोजगार कसा वाढतो. मग आमच्याच गल्लीत एका पोराची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. गार्ड काढून ठेवलेला. कागदोपत्री प्रेस तपासलेला. आता मी तावातावाने बोलत नाही. तपासणी हवी, असं वाटतं. ती माझ्याकडे उद्या आली तर नको, असंही वाटतं. मानीव परवानगी द्या, मुदत संपली की मंजूर समजा, ही मागणी मीही करतो. पण शेजारच्या केमिकलवाल्याला आगीचा दाखला असा मिळाला तर मी रात्री झोपणार नाही.

21 नोव्हेंबर 2025पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 कायदे त्यात गेले. कामगार कपातीच्या परवानगीची मर्यादा 100 वरून 300 वर गेली म्हणून टीव्हीवर केवढी भांडणं! मला 18चे 20 करायचेत. ती विसाची रेषा होती तिथेच आहे.

आणि उद्या सगळे परवाने एका दिवसात हातात आले, तर घेईन का माणसं? लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, असं 2006चा कायदा सांगतो. माझी बिलं नव्वदीला टेकतात, पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागतो. बायको म्हणते, तुम्हाला आता कारणं सांगायची सवय लागलीय. असेलही. पण त्या वेळी कर्ज मीच काढलं होतं, सहा पोरांच्या मुलाखतीही मीच घेतल्या होत्या, हे ती विसरते.