झाकोपाने: शंभर ग्रॅमचा मासा आणि देंब्नोची बस

पोलंडच्या डोंगरातल्या झाकोपाने गावात ट्राउट मासा मागवण्याआधी मेनूकार्डावरची बारीक अक्षरं वाचा. समोर जो आकडा दिसतो तो अख्ख्या माशाचा नसतो, शंभर ग्रॅमचा असतो. क्रुपूव्की या मुख्य रस्त्यावरच्या एका लाकडी सजावटीच्या हॉटेलात आम्हाला हे बिल आल्यावर कळलं. मासा केवढा आहे हे वेटरनं सांगितलं नाही. बटाटे वेगळे, कोबीची कोशिंबीर वेगळी, लसणीचं बटर वेगळं. वाद घालण्यात अर्थ नाही, कारण कार्डावर सगळं छापलेलं असतं. ऑर्डर देतानाच ‘वजन करून एकूण किंमत सांगा’ म्हणायचं, आणि सांगत नसतील तर उठायचं. गोलोंका म्हणजे डुकराच्या तंगडीचा भाजलेला तुकडा, त्यालाही हाच हिशेब. क्राकूव शहरातल्या मोठ्या चौकात जत्रा भरते, तिथल्या ग्रिलच्या स्टॉलवरही तेच. शक्यतो नगाच्या भावाचे पदार्थ घ्या.

याच रस्त्यावर दर पन्नास पावलांवर चीज विकणारी गाडी असते आणि प्रत्येक गाडीवर ‘ओस्त्सिपेक’ लिहिलेलं असतं. खरा ओस्त्सिपेक मेंढीच्या दुधाचा. गाईचं दूध मिसळलं तर ठरावीक मर्यादेतच चालतं. दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगीर, वर लाकडी साच्याची नक्षी, आणि डोंगरातल्या मेंढपाळांच्या झोपडीत धुरावर धरलेला. २००८ पासून युरोपियन युनियनमध्ये हे नाव संरक्षित आहे. मेंढ्या साधारण मे ते सप्टेंबर दूध देतात, त्यामुळे भर हिवाळ्यात कोणी ‘आजचा ताजा’ म्हणून विकत असेल तर तो ओस्त्सिपेक नाही. गाईच्या दुधाचा, सरळ नळकांड्यासारखा असतो तो गोव्का. तो वाईट लागत नाही, पण ओस्त्सिपेकच्या भावानं घेऊ नका. गावाबाहेर ‘बात्सूव्का’ची, म्हणजे मेंढपाळांच्या झोपडीची, पाटी दिसली की तिथेच घ्यावा. आम्ही घेतला तो दातांखाली करकरत होता, खारट होता आणि बोटांचा धुराचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. माझ्या मते संपूर्ण पोलंडमधला हाच सर्वांत चांगला घास.

क्रुपूव्कीवर पर्यटकांसाठी नवी लाकडी सजावट भरपूर आहे. झाकोपाने शैली बघायची तर तिथून बाहेर पडा. १८९० च्या दशकात पोलंड नकाशावर नव्हता आणि हा भाग ऑस्ट्रियाकडे होता. श्रीमंत लोक इथे स्विस आणि टिरोली धाटणीचे बंगले बांधत होते. स्तानिस्वाव वित्किएविच या चित्रकार-समीक्षकाला ते खटकलं. इथल्या डोंगरी लोकांच्या घरातूनच पोलिश शैली उभी राहील असं त्यानं ठरवलं आणि १८९२ मध्ये ‘कोलिबा’ या पहिल्या बंगल्याचं काम सुरू झालं. आता तिथे संग्रहालय आहे. याश्चुरूव्काचं छोटं लाकडी चॅपलही त्याच्याच आराखड्यावरचं. दोन्ही बघाच. आणि ज्या घरांवरून त्याला हे सुचलं तशी घरं बघायला होहोवूव गावात जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओंडक्यांची घरं, कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवलेली, आणि ओंडक्यांच्या फटींत लाकडाच्या बारीक ढलप्यांच्या वळलेल्या वेण्या घट्ट ठासलेल्या. हात लावून बघितलं, बोटभर जाड आणि दगडासारखी कडक. लोक भिंती घासून धुतात म्हणून लाकूड अजून फिकट सोनेरी आहे. एक घर एकाच झाडाच्या लाकडातून बांधलेलं आहे.

आता देंब्नो, नोवी तार्ग शहराजवळचं गाव. पंधराव्या शतकातलं इथलं लाकडी चर्च २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आत १५०० च्या सुमाराची रंगवलेली नक्षी छतापासून भिंतींपर्यंत पसरली आहे. कापलेल्या साच्यातून एकेक आकृती उठवलेली, आपल्या रांगोळीच्या छापासारखी. वेगवेगळ्या आकृत्या सत्तरहून जास्त. लाल आणि हिरवा अजून जिवंत आहेत. फोटो काढू दिले नाहीत, ते बरंच झालं, मान वर करून बघत राहिलो. यासाठी कितीही त्रास घ्यावा.

त्रास झालाच. आम्ही गेलो रविवारी. राहत होतो तिथे ‘नोवी तार्गहून बस सारख्या असतात’ असं ठामपणे सांगितलं होतं. जाताना मिळाली. परतीच्या थांब्यावर वेळापत्रकात प्रत्येक वेळेपुढे एक छोटं अक्षर आणि खाली त्याचा अर्थ: ही फक्त शाळेच्या दिवशी, ती सुट्टीच्या दिवशी नाही. सगळं वजा करून दुपारभर बस नव्हती. मग पावसात हार्कलोवा गावाकडे चालत निघालो. फूटपाथ नाही, कडेला ओलं गवत, अंगाला घासून जाणाऱ्या गाड्या, प्रत्येक गाडीनिशी चेहऱ्यावर चिखलाचं पाणी. डोंगरातल्या चढणीपेक्षा हा सपाट रस्ता मला जास्त नकोसा झाला. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर असं चालू नका. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, उतरल्याबरोबर परतीच्या थांब्याचा फोटो काढा, किंवा सरळ टॅक्सी ठरवा.

क्राकूवचं वेगळं सांगायला नको, सगळे जातातच. दोन गोष्टी मात्र: सेंट मेरी चर्चमधली शिल्पकार वित स्त्वोशची दारांसारखी मिटणारी वेदी (१४७७ ते १४८९) दुपारी बाराच्या थोडं आधी उघडतात, त्याआधी तिकीट काढून आत उभे राहा. आणि फ्रान्सिस्कन चर्चमध्ये चित्रकार विस्प्यान्स्कीच्या खिडक्यांच्या रंगीत काचा ऊन असताना बघा.

शाकाहारींसाठी: ‘पिएरोगी रुस्किए’ या उकडलेल्या करंज्यांत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. मागवतानाच ‘बेझ स्क्वारेक’ म्हणा. झुरेक सूपमध्ये बहुतेक वेळा सॉसेज असतंच, ते सोडा. ‘बार म्लेच्नी’ म्हणजे जुन्या काळापासून चालत आलेल्या स्वस्त खानावळी. काउंटरवर पैसे द्यायचे, ताट स्वतः घ्यायचं आणि परत ठेवायचं. तिथे वजनाचा घोळ नाही आणि पोट भरतं.

झाकोपानेजवळच्या डोंगरातल्या मोर्स्किए ओको तळ्यापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे आणि सुट्टीत त्यावर प्रचंड गर्दी असते. गाडी नेणार असाल तर पार्किंग आधी ऑनलाइन घ्यावं लागतं. एकच दिवस हातात असेल तर तळं सोडा आणि देंब्नोला जा, फक्त रविवारी नको.