आमची वाटचाल : लाइट गेली तरी मासे जगले पाहिजेत

सांगलीत आमचा मूळ धंदा काचेचा. खिडक्या, शोकेस, दुकानांचे काउंटर ही वडिलांची कामं. उरलेल्या काचेला सिलिकॉन लावून मी माशांच्या टाक्या जोडायला लागलो. टाक्या हातोहात खपायच्या, पण महिन्याभरात गिऱ्हाईक परत दारात. पाणी स्वच्छ दिसतंय, मग गोल्डफिश का मेले?

त्या प्रश्नाने आम्हाला फिल्टरच्या धंद्यात ओढलं. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर नीट वसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी द्यायचे नाहीत, असं ठरवलं. आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं, म्हणून शेजारच्यांनी वेड्यात काढलं. काही गिऱ्हाइकं गेलीही.

मग आली भारनियमनाची वर्षं. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर बसणारा बंद डबा, दिसायला देखणा, नफाही चांगला. पण मोटर तासन् तास थांबली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरतात आणि लाइट आल्यावर ती सगळी घाण टाकीत येते. छोट्या टाकीला आम्ही स्पंज फिल्टर आणि बॅटरीवरचा एअर पंपच द्यायचो. सुटायचे किरकोळ पैसे, पण गिऱ्हाईक टिकलं.

मोठ्या टाकीसाठी संप बनवायला लागलो, आणि इथे काचेचा हात कामी आला. संप म्हणजे कॅबिनेटमध्ये खाली दुसरी टाकी. वरचं पाणी तिच्यात गाळलं जातं आणि मोटर ते परत वर चढवते. तिचे कप्पे: आधी गाळ अडवायला कापूस, मग रिंगा, शेवटी मोटर. खरी मेख लाइट गेल्यावर कळते. मोटर थांबली की वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. त्यासाठी संपमध्ये जागा रिकामी सोडावी लागते आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडावं लागतं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. आमचा प्रत्येक संप दुकानातच भरून, प्लग उपसून बघितला जातो. खालची फरशी कोरडी राहिली तरच डिलिव्हरी.

मोटरच्या खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी बसतं. तासाला चार वेळा फिरवायचं तर ७६० लिटर. पण खोक्यावरचे १००० लिटर हे पाणी वर न चढवता मिळणारे. चार फूट चढवायचं म्हटलं की छोट्या मोटरीचा दम निघतो.

पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास वाढतो. त्या दिवसांत आमचा फोन थांबत नाही. उत्तर एकच: क्लोरीनने स्पंजवरचे जिवाणू मरतात, म्हणून स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा.

सध्या निम्मं काम संपचं आहे. वास्तूसाठी अरोवाना हवा, पण टाकी तीन फुटीच, असं म्हणणारे अजून येतात. तो मासा दोन फुटांवर जातो. सहा फुटी टाकी आणि तिच्या मापाचा संप, याचं कोटेशन हातात ठेवलं की बहुतेक जण गप्पींवर येतात.