आमची वाटचाल: धरणात पास, दर्यात नापास

अंबडच्या एमआयडीसीत पाण्याखालच्या मोडेमचा, म्हणजे पाण्यातून आवाजावाटे डेटा पाठवणाऱ्या यंत्राचा, कारखाना काढला तेव्हा लोक विचारायचे, नाशिकला समुद्र कुठाय? आम्ही म्हणायचो, गंगापूर धरण आहे की!

तेच धरण नडलं. आमचा 25 किलोहर्ट्झचा मोडेम तिथे दोन किलोमीटरवरही डेटाचं एक पॅकेट चुकवेना. त्या जोरावर ऑर्डर घेतली आणि कोकणात आठशे मीटरवर तोंडावर पडलो. तिथल्या कोमट समुद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट या फ्रिक्वेन्सीला किलोमीटरमागे साधारण अडीच-तीन डेसिबल गिळतं. गोड्या पाण्यात ती भानगडच नाही. उरलेला घात उथळ पाण्याने केला. एकच सिग्नल तळावरून, पृष्ठभागावरून आपटत पाच वाटांनी येतो आणि मागचा बिट पुढच्याच्या अंगावर चढतो. त्यात नांग्या वाजवणाऱ्या कोळंब्यांची चटचट.

ती ऑर्डर एका स्पर्धकाने उचलली, पत्रकावर ‘5 किलोमीटर’ छापून. कुठल्या पाण्यात, किती खोलीवर, किती बिट चुकून? एक अक्षर नाही! आमचे तीन महिन्यांचे पगार थकले, व्हॅक्यूम पंप विकला. भागीदार पिंपळगावच्या द्राक्षबागेत परत गेला. अजून भेटला की विचारतो, “मासे काय म्हणतायत?”

टिकले ते रत्नागिरीकडचे सर्व्हेवाले तात्या. म्हणाले, “मोडेम राहू दे रे, तो चालेल की नाही ते आधी सांगशील का?”

तिथून अंदाजाचं काम सुरू झालं. तात्यांच्या होडीतून सीटीडी हे मोजयंत्र सोडायचं, खोलीगणिक तापमान आणि क्षारता घ्यायची, त्यावरून आवाजाचा वेग काढायचा, मग बेलहॉप या संगणक-प्रोग्रॅममध्ये आवाजाचे किरण सोडून त्यांची वाट बघायची. उन्हाने वरचं पाणी तापलं की तिथे वेग वाढतो आणि किरण खाली वाकतात. सकाळी लागलेली लिंक दुपारी का तुटते, ते तात्यांना पडद्यावर दाखवलं. ते म्हणाले, “हे बिल कर.” पहिलं बिल तेच.

पुढची वर्षं बरी गेली.

न विचारता सांगतो: रेंजचा आकडा दिसला की तिथल्या पाण्यातल्या आवाजाच्या वेगाचा खोलीगणिक प्रोफाइल मागा. आणि ओ-रिंग, म्हणजे पाणी आत शिरू न देणारी रबरी चकती, दर खेपेला नवी घाला. दहा रुपये वाचवायला जाऊन आम्ही एक हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, बुडवलाय.

गेल्या महिन्यात त्याच स्पर्धकाची विचारणा आली, रेंजचा अंदाज काढून हवाय. पूर्ण दर लावला, वर जीएसटी, आणि पैसे आगाऊ. तात्यांना अजून जुनाच दर आहे.