भयाण भविष्याचं वाणसामान

भयाण भविष्याची गोष्ट लिहायला बसलेला माणूस बहुधा सालापासून सुरुवात करतो. २१४७. मग काचेचे मनोरे, उडत्या गाड्या आणि खर्जात बोलणारा हुकूमशहा. दोन पानांत सगळं किती भयंकर आहे ते सांगून होतं, वाचणारा मात्र निवांत. मला विचारावंसं वाटतं, अहो, यांच्या चहाला दूध कुठून येतं?

बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेल्या इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलला हे पक्कं ठाऊक होतं. त्याची ‘१९८४’ ही कादंबरी आली १९४९ साली. लोकांना त्यातला हुकूमशहा, बिग ब्रदर आठवतो, मला दाढीची पाती आठवतात. बाजारात पाती मिळेनाशी झालीत. कँटीनमध्ये एक सहकारी कादंबरीच्या नायकाला, विन्स्टनला विचारतो, एखादं आहे का? विन्स्टन सांगतो, छे, एकच पातं सहा आठवडे वापरतोय. घरी दोन कोरी पाती दडवलेली असतात! एका पात्यासाठी जवळच्या माणसाशी खोटं बोलायला लावणारी राजवट कशी असेल, हे निराळं सांगायला नको. आणि ते चॉकलेट: रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर येतं, नि दुसऱ्याच दिवशी ते वीसपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ लोक आभार मानतात. हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. महायुद्धभर मोकळा मिळालेला पाव ब्रिटनमध्ये रेशनवर गेला तो युद्ध जिंकल्यावर, १९४६ साली.

कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुडनं तर ‘द हँडमेड्स टेल’ या अशाच भयाण भविष्याच्या कादंबरीसाठी पथ्यच पाळलं: इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही, ते घ्यायचं नाही. तिच्या नायिकेला राज्य बदलल्याचा चटका बसतो तो दुकानात, सिगारेटी घेताना. कार्डाचा नंबरच चालत नाही.

आपल्याकडे तर माल पडलेलाच आहे. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र घ्या. कष्टानं बोटांच्या रेषा झिजल्या की अंगठा उमटत नाही. म्हातारी पदराला बोट पुसून पुन्हा लावते, आणि रांगेतले लोक वैतागतात ते यंत्रावर नव्हे, तिच्यावर. (हे रांगेतले लोक म्हणजे कादंबरीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र.)

मी लिहिलीच तर हुकूमशहाला पहिली शंभर पानं आत येऊ देणार नाही. दुकानदार मात्र पहिल्या पानापासून, आणि स्वभावानं अगदी भला. “आजी, उद्या या हं, सर्व्हर डाऊन आहे,” हे तो रोज तितक्याच मायेनं म्हणेल.