असू दे, कामी पडते

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या घरातली एक खोली रिकामी करायची वेळ येते. पाहुण्यांना अजून अवकाश असतो, पण कापूस थांबत नाही. सीतादही झालं, पऱ्हाटीला दहीभात दाखवून बायांनी पहिला वेचा ओटीत घेतला, की गाठोडी घराकडे यायला लागतात. सोयाबीन त्याच्या आधीच आलेलं असतं. मळणीच्या हडंब्यातून निघालेल्या कट्ट्यांची सपरीत थप्पी लागलेली असते आणि चप्पल काढायलाही जागा उरत नाही. कापसाला सपरी चालत नाही. त्याला दार लागतं, न गळणारं छत लागतं, आणि भाव चढेस्तोवर कोणी हलवणार नाही अशी जागा लागते. म्हणजे माणसांचीच खोली लागते.

वर्धा-यवतमाळकडच्या आमच्या गावात दिवाळीची साफसफाई सुरू होते ती अशी. भिंतींना चुना, चुन्यात निळीची पुडी, चुलीमागच्या भिंतीला पोतारा, जाळे काढायला बांबूच्या टोकाला बांधलेला फडा, हे सगळं होतंच आणि उरकतंही लवकर. वेळ जातो सामानाच्या फैसल्यात. एकेक वस्तू अंगणात उन्हाला येते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बंगईवर बसून तिच्याकडे पाहतात आणि निकाल देतात, "असू दे वं, कामी पडते."

तेव्हा वस्तू घराबाहेर जात नाही. तिची बदली होते, आणि बदली नेहमी खालच्या जागेवर. बैठकीतली लाकडी खुर्ची डुगडुगायला लागली की स्वयंपाकघरात जाते. तिथं तिचा हात निखळला की न्हाणीपाशी, बादली ठेवायला. मग बैलांच्या कोठ्यात, ढेपेच्या पोत्याला ओल लागू नये म्हणून त्याच्याखाली. शेवटचं ठाणं शेतातलं, रात्री जागलीला बसणाऱ्याच्या बुडाखाली. तिथं तीन पाय असले तरी भागतं. त्यानंतर चूल. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मात्र हा मोक्ष नाही. ती शेताच्या धुऱ्यावर उन्हापावसात तडकत पडून राहते, आणि तरी कोणीतरी तिची पाठ कापून आणतो आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार करतो.

साडीचा प्रवास याहून लांबचा. लग्नकार्यातली साडी रोजची होते, रोजची साडी वाकळीचं अस्तर होते, आणि अस्तरालाही नको झाली की शेताला कुंपण होते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, रात्रीतून तुरीचं पीक आडवं करतात. तार परवडत नाही, म्हणून काठ्या रोवून त्यांना जुनी लुगडी बांधायची. वाऱ्यानं ती हलली की जनावर बिचकतं, निदान पहिले काही दिवस तरी. आमच्या धुऱ्यावरून चालत गेलं की घरातल्या सगळ्या बायांचे आहेर ओळीनं दिसतात. जांभळी साडी चुलतसासूच्या लेकीच्या साखरपुड्यातली, तिला रोही सगळ्यात जास्त घाबरतात असं आमच्या घरात मानलं जातं.

माझी नणंद पुण्याला असते. मागच्या दिवाळीत येताना ती एक नियम घेऊन आली, की ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती काढून टाकायची. दर महिन्याला पगार येतो त्या घरात हा नियम चालत असेल. आमच्याकडे पीकच वर्षातून एकदा येतं, तर वस्तूंनी रोज कामाला का यावं? तिफण मृगाच्या पेरणीपुरती. बैलांच्या झुली पोळ्यापुरत्या. महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि आंबिलीचं मोठं भांडं, गंज, भाद्रपदातल्या तीन दिवसांपुरता. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी तर एका संध्याकाळपुरता. त्या नंदीचा मालक आता नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो, नंदी मात्र दरवर्षी हळदकुंकू लावून घेतो आणि माळ्यावर परत जातो. ताईंचा नियम लावला तर एका दिवाळीत आमची शेती आणि सगळे सण भंगारात निघतील.

कूलरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की त्याच्याशिवाय जगणं कठीण, हे खरं. पण मृगाच्या पावसानंतर त्याचं गवत काढायचं, टाकी कोरडी करायची, मोटर फडक्यात बांधायची, आणि मग अलमारीएवढा तो पत्र्याचा सांगाडा पुढचा उन्हाळा येईपर्यंत आहे तिथंच उभा. रिकामी पोकळी आम्हाला बघवत नाही. त्यामुळे दिवाळीच्या आवरासावरीत जे जे कुठंच मावत नाही ते कूलरच्या पोटात जातं. लसणाच्या जुड्या, पोरांच्या जुन्या वह्या, बारदाना, झुली, शिवणयंत्राचं झाकण. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, घर काय लख्ख आहे! मग कापूस विकला जातो, खोली मोकळी होते, आणि ती मोकळी राहावी असं मला वाटू लागतं त्याच सुमारास ऊन तापतं. कूलर सुरू करायचा म्हणून त्याचं पोट रिकामं होतं आणि सगळं त्या खोलीत येऊन पडतं. दसऱ्याला पुन्हा कापूस. आमच्या घराची साफसफाई म्हणजे कापूस आणि कूलर यांच्यातला तह आहे, आम्ही फक्त हमाली करतो.

भंगारवाल्याचा काही उपयोग होत नाही का? तो येतो, मोटारसायकलला भोंगा लावून. लोखंड, फुटलंतुटलं प्लॅस्टिक, बायांचे गळलेले केससुद्धा घेतो. आत्याबाई त्याला गंजलेला एक पत्रा दाखवतात, अर्धा तास घासाघीस करतात आणि बदल्यात स्टीलच्या दोन वाट्या घेऊन आत येतात. घरातून एक वस्तू गेली, दोन आल्या.

वस्तूंवर हुज्जत घालता येते, कागदांवर ती सोयही नाही. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, रेक्झिनची एक थैली आहे. तिच्यात एकाधिकार कापूस खरेदीच्या काळातल्या पावत्या आहेत. १९७२ साली सुरू झालेली ती योजना केव्हाच इतिहासजमा झाली. कापूस सरकारला घालायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं यायची वाट पाहायची, एवढी तिची आठवण या पावत्यांत शिल्लक आहे. त्यांच्यावर २००८च्या कर्जमाफीचे कागद, त्यांच्यावर २०१७च्या, सगळ्यात वर २०१९च्या. दरवेळी तोच सातबारा, तोच आठ-अ, त्याच पासबुकाची झेरॉक्स. आता सगळं ऑनलाइन झालं म्हणतात. पण ऑनलाइन भरायला बसलं की समोरचा पहिल्यांदा मूळ प्रतच मागतो, त्यामुळे थैली हलवायचा विषय मी काढत नाही. उन्हात एकदा झटकते आणि खुंटीला परत अडकवते.

एवढं सगळं सांभाळणाऱ्या या मुलखातच गाडगेबाबा होऊन गेले. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६चा. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका हातात खराटा, दुसऱ्यात गाडगं. आधी गाव झाडायचं आणि मग कीर्तनाला उभं राहायचं. आमच्या सपरीत त्यांचा फोटो आहे. त्या फोटोच्या मागं गेल्या कित्येक वर्षांची लाइटची बिलं खोचलेली आहेत.

सेवाग्रामही आम्हाला दूर नाही. गांधीजी तिथं १९३६ साली राहायला आले. एकदा मी आत्याबाईंना घेऊन त्यांची बापूकुटी पाहायला गेले होते. मातीच्या भिंती, चटई, बैठं मेज, तीन माकडं. लोक गप्प होऊन पाहत होते. आत्याबाईंनी कोपरान्‌कोपरा तपासला आणि मला हळूच विचारलं, "इतकंच सामान? मंग थंडीच्या वाकया कोठी ठेवत असन हे?" पुढे साप धरायचा लाकडी चिमटा आणि धरलेला साप दूर सोडण्याआधी ठेवायचा पिंजरा दिसला, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. "हे पाय," त्या म्हणाल्या, "हे बी कामी पडे!" गांधीजींबद्दलचं त्यांचं मत त्या चिमट्यामुळे अधिकच चांगलं झालं.

फेकायचं काही आम्हाला ठाऊकच नाही, असंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत पोरं मारबतीचा पुतळा घेऊन गावाच्या शिवेपर्यंत जातात. रोगराई, खोकला, माश्या, डास, ढेकूण, सगळं मारबतीच्या पदरात. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींची मोठी मिरवणूक निघते, ती १८८०च्या दशकापासून. त्या यादीत मला एका वस्तूची भर घालायची आहे, आणि तेवढ्या एका बाबतीत मी आत्याबाईंचं ऐकत नाही. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे.

कोठ्यातल्या फळीवर ते ओळीनं ठेवलेले असतात. जाड प्लॅस्टिक, घट्ट झाकण, धरायला मूठ. 'कामी पडते' हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कशालाच लागू पडत नाही, आणि भीती तीच आहे. कोणी त्यात डिझेल भरतं, कोणी बियाणं ठेवतं, आणि बैलबंडीला पाण्याचा म्हणून बांधलेला असा डबा मी स्वतः पाहिला आहे. २०१७च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. ती बाधा फवारताना झालेली होती, पण ज्या द्रवानं ती झाली तोच या डब्यांच्या तळाशी चिकटलेला असतो. डब्यावर चौकोनात रंग दिलेला असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं गावात पुष्कळांना वाटतं. तो फक्त कमी विषारी. डबा पुन्हा वापरू नका, तोडून वस्तीपासून दूर पुरा, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. म्हणून दिवाळीच्या आधी मी हातमोजे घालून पहार घेते आणि प्रत्येक डब्याच्या बुडाला भोक पाडते, म्हणजे तो पुरायला नेईपर्यंत कोणाला हवासा वाटू नये. आत्याबाई हळहळतात. मागच्या वर्षी म्हणाल्या, भोक पडलंच आहे तर सदाफुली लावू. मी नाही म्हटलं, आणि नाहीवर टिकले.

ताई मात्र त्या दिवाळीहून रिकाम्या हातानं गेल्या नाहीत. माळ्यावर पाणी भरायचा एक पितळी गुंड होता, पोचे पडलेला, कल्हई उडालेला. घरात नळ आल्यापासून त्याला वर्षच काय, कित्येक वर्षं कोणाचा हात लागला नव्हता. ताईंनी तो स्वतः चिंचेनं घासला आणि गाडीच्या डिक्कीत ठेवला. आता तो पुण्यात त्यांच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी उभा आहे, त्यात पंपासगवताचे तुरे आहेत. आमच्या घरातल्या वस्तूंमध्ये वरच्या जागेवर बदली झालेला तो पहिलाच. आत्याबाईंना तो व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पानी काहून नाही भरत वं त्याच्यात?"