गॅस सप्रेशनचं पाइपिंग: बेळगावातला माझा अनुभव

उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक पॉवर पॅकचं पाइपिंग आणि कारखान्यांच्या हायड्रंट लाइनी ही नेहमीची कामं. टिळकवाडीतल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हर रूमला गॅस सप्रेशन, म्हणजे आग लागली की गॅस सोडून ती विझवणारी यंत्रणा, बसवायचं होतं, त्याचं पाइपिंग करणार का असं ठेकेदाराने विचारलं आणि मी हो म्हणून टाकलं. सिस्टिम एचएफसी-227ची, म्हणजे बाजारात एफएम-200 म्हणतात ती. सिलिंडर, पॅनेल, डिटेक्टर त्यांचे. सिलिंडरपासून नोझलपर्यंतचा पाइप आमचा.

पाण्याच्या लाइनीत एखादा एल्बो (पाइपाचं वळण) वाढला तर पंप सांभाळून घेतो. इथे पंपच नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, त्याच्यावर नायट्रोजनचा दाब, आणि 10 सेकंदांच्या आत माल खोलीत पडला पाहिजे. पाइपातून पळताना थोडा द्रव, थोडी वाफ असं मिश्रण असतं. म्हणून टीचे (लाइन दोन वाटांना फोडणाऱ्या जोडाचे) फाटे आडव्या पातळीतच काढायचे. एक तोंड वर आणि एक खाली केलं, तर द्रव एकीकडे जास्त जातो आणि दुसऱ्या नोझलच्या वाट्याला वाफच येते. आमच्या फिटरमामांना हे पटेना. "वाट गावली की जातंय की, त्येला काय वर आणि काय खाली!" शेवटी ड्रॉइंग भिंतीला चिकटवलं आणि म्हटलं, मामा, याच्या बाहेर जायचं नाही.

पाइप शेड्यूल 40 जाडीचा, सीमलेस म्हणजे बिनजोडाचा, फिटिंग फोर्ज्ड, 3000 दाब-क्लासच्या. खरी कटकट आट्यांची. फिटिंग एनपीटी म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या आट्यांच्या, आणि आपल्याकडच्या आटे पाडायच्या बहुतेक डाय बीएसपीच्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या. एक इंचाला फरक लगेच कळतो, कारण एनपीटीला इंचात साडेअकरा आटे आणि बीएसपीला 11. पण अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीकडे 14च! आट्याचा कोन मात्र वेगळा, एनपीटीला 60 अंश, बीएसपीला 55. दोन-तीन फेरे मस्त बसतात, मग अडकतं. कोणी तरी पान्याला पाइप लावून जोर मारतो, टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळतो आणि लीकेज पुढच्यासाठी ठेवून जातो. मी एनपीटीची डाय वेगळी आणली आणि बीएसपीची पेटी साइटवर येऊच दिली नाही. कापल्यावर आतली बर (कडेला उरलेली धातूची धार) रीमरने काढायची, टेप फक्त नर आट्यावर, तोही पहिले दोन आटे सोडून. टेपचा तुकडा आत गेला तर नोझलच्या भोकात जाऊन बसतो.

ड्रॉइंगमध्ये मेन लाइन सरळ होती. फॉल्स सीलिंग उघडलं तर वर आरसीसीची बीम. खालून वळसा घालायचा तर चार एल्बो वाढतात. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, घाला हो, कोण बघतंय. मी काम थांबवलं, बीमचं माप आणि फोटो डिझायनरला पाठवले. त्याने गणित पुन्हा चालवलं, मार्ग बदलला आणि नोझलच्या भोकाचं मापही बदललं. ही भोकं गणितावरूनच ठरतात, म्हणून लाइन पक्की होईपर्यंत नोझल मागवू नका, हे नव्याने काम घेणाऱ्याला मी आवर्जून सांगेन.

सपोर्टच्या बाबतीत कंजूषी करायची नाही. गॅस सुटताना एल्बो आणि नोझलपाशी जोराचा झटका बसतो, तिथे तारेने लटकवलेला पाइप चालत नाही. नोझलजवळ आम्ही अँगल सरळ स्लॅबला अँकरने धरला. शेजारच्या सीलिंगच्या टाइल्सना क्लिपा लावल्या, नाहीतर त्या उडतात.

टेस्ट पाण्याने नाही, नायट्रोजनने. नोझलच्या जागी प्लग, सिलिंडर अजून जोडायचाच नाही. 40 पीएसआय भरून 10 मिनिटं ठेवायचं; 20 टक्क्यांहून जास्त दाब उतरता कामा नये. काटा जागचा हलला नाही, तरी मामांनी प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघितलंच. मग प्लग काढून लाइन फुंकली, तेव्हा एका टोकातून काळी भुकटी आणि थोडं तेल निघालं. आधी कापड ओढलेलं होतं, तरी! स्वच्छ वारा येईपर्यंत फुंकत राहिलो.

पुढे डोअर फॅन टेस्टला, म्हणजे दारात पंखा लावून खोली कुठे गळते ते बघतात त्या चाचणीला, खोली नापास झाली. पाइपाचा संबंध नव्हता. केबल ट्रेसाठी भिंतीत पाडलेलं भोक तसंच उघडं होतं. गॅस खोलीत साधारण 10 मिनिटं टिकायला हवा, आणि तो तिथून सरळ पॅसेजमध्ये गेला असता. ते फायर सीलंटने बुजवल्यावर खोली पास झाली, आणि त्यानंतरच ठेकेदाराच्या माणसाने सिलिंडर जोडून त्याचा व्हॉल्व्ह उघडणारा ॲक्च्युएटर बसवला.